शत्रूच्या दोस्ताची भाकर

आमच्या वाटूरमध्ये भांडणाचा एक कायदा आहे. तो कुठं लिहून ठेवलेला नाही, पण लहान पोरांनाही तोंडपाठ आहे. ज्याच्याशी वाकडं आलं, त्याच्या घरचं अन्नपाणी बंद. आणि नुसतं त्याच्याच घरचं नाही, त्याची बाजू घेणाऱ्याच्या घरचंही बंद. माझे सासरे कचरूमामा आणि त्यांचा चुलतभाऊ कारभारी यांचं बांधावरून बिनसलं, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हा फाट्यावरचा एक हॉटेलवाला चार लोकांत कारभारींच्या बाजूनं बोलला, म्हणून मामांनी त्याचा चहाही सोडला. आता अडचण अशी की फाट्यावर चांगला चहा तेवढ्याच हॉटेलात मिळतो. नऊ वर्षं झाली, मामा समोरच्या हॉटेलातला पाणचट चहा पितात आणि वर छान आहे म्हणतात.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की माझ्या सासूबाईंनी हाच कायदा थेट अझरबैजान या देशाला लावला.

माझी सासू म्हणजे झुंबरबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. माझा नवरा हरिओम फाट्यावर बी-बियाण्याचं दुकान चालवतो. कंपनीनं ठरवून दिलेल्या बॅगा विकल्या की दुकानदाराला जोडीनं परदेश दौरा मिळतो, ही आमच्या जिल्ह्यातली जुनी रीत. थायलंडला जाऊन आलो असं आता कुणी सांगितलं तर लोक मान वर करूनही बघत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाट्याला बाकू आलं, अझरबैजानची राजधानी. दौरा नेमका मे महिन्याच्या शेवटी, म्हणजे कपाशीच्या बियाण्यासाठी दुकानापुढे रांगा लागतात तेव्हा. हरिओम म्हणाला, "मी हालू शकत न्हाई. आई-दादाला धाडू." दादा म्हणजे त्याचे वडील, आमचे मामा.

मी, दैवशाला, त्याची बायको, मला का धाडायचं नाही, हे त्याला विचारलं होतं. त्यानंतर घरात दोन दिवस कुणी फारसं बोललं नाही. पण एका दुपारी आत्याबाई लसूण सोलता सोलता सहज बोलून गेल्या, "एक्केचाळीस वर्सं झाली लग्नाला. जोडीनं कुठं गेलोच न्हाई बाई आमी." मी आठवून पाहिलं, खरंच होतं. तिरुपतीला आत्याबाई गेल्या तेव्हा म्हशीसाठी मामा घरी. मामा काशीला गेले तेव्हा म्हशीसाठी आत्याबाई घरी. लग्नानंतर जोडीनं देवाला गेले तेवढंच, तेही ट्रॅक्टरमध्ये सतरा जणांबरोबर. मी म्हटलं, जाऊ द्या, म्हैस मी सांभाळते. मला म्हशीची भीती वाटते हे घरात सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा मी केवढा मोठेपणा केला ते समजून घ्या.

मग सुरू झाली तयारी. जन्मभर धोतर नेसलेल्या मामांनी जुन्या जालन्यातून कापड आणून दोन पँटी शिवल्या. संध्याकाळी ते गच्चीवर जाऊन पँट घालून चालायचा सराव करायचे. खाली आले की पुन्हा धोतर. आत्याबाई जिन्यात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसायच्या. मी या घरात आल्यापासून त्या दोघांना असं एकमेकांवर खूश झालेलं कधी बघितलं नव्हतं, आणि मला ते फार आवडत होतं.

आता बेबीमावशी. बेबीनंदाबाई, आमच्या शेजारीण. त्यांचे यजमान रामकिसन गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, मावशी अंगणवाडीत. त्यांचा एकुलता एक मुलगा मिथुन फौजेत आहे. मावशी अंगणवाडीत गेल्या की मिथुन आमच्याच अंगणात असायचा. आत्याबाईंच्या हातचं खाऊन तो वाढला. एप्रिलमध्ये तो सुट्टीवर आला होता. आल्या आल्या आत्याबाईंना चिडवायला लागला, "काकू, इमानात खिडकी उघडायला सांगू नको बरं. आन् माझ्यासाठी काय आणशीन तिकून?" तिसऱ्याच दिवशी त्याला फोन आला. सुट्टी रद्द, ताबडतोब निघा. आत्याबाईंनी त्याच्या हातावर दही घातलं. बौद्धांच्या घरात हे काही करत नाहीत, पण पोरानं हसत हसत चाटून टाकलं. गुरुजी त्याला गाडीत बसवून आले आणि आल्यापासून पेपर उघडून एकाच पानावर बसले.

पुढं मेमध्ये पाकिस्तानशी ते चार दिवस लढाई झाली. आत्याबाई रोज दुपारी भाकरी घेऊन शेजारी जायच्या. मावशी टीव्हीसमोरून उठायच्या नाहीत. आत्याबाई घास करून द्यायच्या तेव्हा दोन घास पोटात जायचे. पाचव्या दिवशी मिथुनचा फोन आला, तीस सेकंदांचा. "आई, बरा हाय. जेवलो." मावशींनी फोन ठेवला आणि पहिल्यांदा रडल्या. आत्याबाई त्यांच्याहून जोरात रडल्या.

आणि आता सगळं निवळलं असं वाटतंय, तोच टीव्हीवर आलं की अझरबैजाननं पाकिस्तानची बाजू घेतली. लोक तिकडचे दौरे रद्द करायला लागले. आमची कंपनी म्हणाली, तिकिटं निघालीत, ज्याला यायचं त्यानं या, ज्याला नाही त्यानं राहा, दुसरा देश मिळणार नाही. दुकानात बियाणं घ्यायला येणारा प्रत्येक जण हरिओमला विचारायला लागला, "काय मंग, आईबापाला दुश्मनाच्या दोस्ताकडं पाव्हणे धाडून राह्यला का?" हरिओमनं रात्री जेवताना जाहीर केलं की जाणं रद्द. सकाळी मामांनी दोन्ही पँटी घड्या घालून पेटीत ठेवल्या आणि वर कडुनिंबाचा पाला टाकला. आमच्याकडे पाला टाकला म्हणजे ते कपडे दोन वर्षं तरी बाहेर निघत नाहीत.

आत्याबाईंनी ते पाहिलं. मग मला म्हणाल्या, "चल माझ्यासंग," आणि आम्ही शेजारी गेलो.

मावशी ओसरीवर तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या.

"बेबीताई, मी जात न्हाई," आत्याबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या.

"कामून?"

"कामून म्हंजे? आपल्या मिथुनवर गोळ्या झाडल्या त्याहीची बाजू ज्यानं धरली, त्याच्या घरी मी मिरवत जाऊ?"

"मंग घरी बसून काय करशीन?"

"बसन. रोज बसतेच की."

मावशींनी सूप खाली ठेवलं. "रोज सकाळी माझ्यासमोर बसशीन. तुझं तोंड पाह्यलं की मला वाटंन, हिचं जन्मात एकदाचं जाणं माझ्यापाई हुकलं. पोरगं माझं, काळजी माझी, आन् हे ओझंबी माझ्याच डोक्यावर ठेवती का? बिलकुल जमायचं न्हाई. जा तू."

जा म्हणाल्या खऱ्या, पण सूप पुन्हा उचललं ते जरा हिसडूनच. मला ते दिसलं आणि आत्याबाईंनाही. मावशींच्या मनात राग होता. तो आत्याबाईंवर नव्हता, पण दुसरं कुणी समोर नव्हतं.

आत्याबाईंनी खाली बसून डाळीतला एक खडा वेचला. मग म्हणाल्या, "जाते. पाहून येते. पण त्या मुलखातल्या अन्नाचा कण तोंडात घालणार न्हाई. मिथुनची शपथ."

"माझ्या लेकराच्या शपथा तू कामून घेती?"

"माझं न्हाई का ते?"

मावशी पुन्हा डाळ पाखडायला लागल्या.

"पाणीबी प्यायची न्हाई," आत्याबाईंना आता चेव चढला होता.

तेव्हा मात्र मावशींनी मान वर केली. "पाण्याचं मला सांगू नको, झुंबरताई. पाणी बंद कसं असतंय ते आमच्या आज्यानं लई पाह्यलं. पाणी पी तू. गपचिप पाणी पी."

आत्याबाईंनी मान खाली घातली. हे खरं तर मी सांगायला नको, पण लपवण्यातही अर्थ नाही. गुरुजींनी शेजारी घर बांधलं तेव्हा आमच्या आजेसासूबाई हयात होत्या. त्यांच्या राज्यात मावशींसाठी आमच्याकडे वेगळी कपबशी होती, आणि आत्याबाईंना त्यांच्या घरी पाणी प्यायची परवानगी नव्हती. आजेसासूबाई गेल्या, त्यांचं तेरावं झालं, आणि चौदाव्या दिवशी आत्याबाई शेजारी जाऊन म्हणाल्या, "बेबीताई, भूक लागली, भाकर दे." हे मला मावशींनीच सांगितलं. सांगताना हसत होत्या, पण त्या भाकरीला चौदा दिवस नाही, घर बांधल्यापासून सात वर्षं लागली होती, हेही त्यांनी सांगितलं.

तर अशा रीतीनं पाणी सुटलं आणि अन्न बंद राहिलं. आईनंच जायचं ठरवल्यावर हरिओमनंही हात टेकले. घरात आठवडाभर स्वयंपाक चालला. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे लाडू, चिवडा, मुरमुरे. पाच दिवसांच्या दौऱ्याला आत्याबाईंनी कपडे कमी आणि खायचं जास्त नेलं. मामांनी पेटीतून पँटी काढल्या, पाला झटकला. त्यांनी मात्र सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं, "शपथ तुझी हाय. मला त्यात ओढू नको." चहासाठी नऊ वर्षं कायदा पाळणारा माणूस परदेशात जाऊन तिन्ही वेळ पोटभर जेवणार होता.

जाताना कुणी हार घातले नाहीत, फ्लेक्स लावले नाहीत. एरवी कुणी नुसतं दिल्लीला निघालं तरी फाट्यावर त्याचा फोटो झळकतो. सकाळच्या गाडीनं गपचूप निघाले दोघं. मावशी फाटकापर्यंत आल्या, "नीट जा," एवढंच म्हणाल्या आणि अंगणवाडीची वेळ झाली म्हणून वळल्या.

बाकूहून पहिला फोन आला तो मला नाही, मावशींना. मी जरा खट्टू झाले, खोटं कशाला बोलू. त्यानंतर रोज चारच्या सुमारास मावशींच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल यायचा आणि मी म्हशीचं वैरणपाणी टाकून शेजारी पळायचे. फोन मामांच्या हातात असायचा, त्यामुळे अर्ध्या पडद्यावर त्यांचा अंगठा आणि उरलेल्या अर्ध्यात अझरबैजान. पहिल्या दिवशी समुद्र दिसला. दुसऱ्या दिवशी उंच काचेच्या इमारती दिसल्या, आणि त्यांच्यापुढे हिरवं लुगडं नेसलेल्या आत्याबाई. मावशी सगळं बघायच्या, "चांगलं हाय," म्हणायच्या. जास्त काही विचारायच्या नाहीत. आत्याबाई प्रत्येक वेळी न विचारता सांगायच्या, "खाल्लं न्हाई बरं का काही इथलं." मावशी म्हणायच्या, "बरं."

चौथ्या दिवशी दुपारी मला वेगळाच फोन आला. त्या दौऱ्यात धावडा गावचे दुकानदार अण्णासाहेब आणि त्यांची बायको गिरिजाबाईही होते. गिरिजाबाई म्हणाल्या, "वैनी, तुमच्या सासूबाईला समजावा काहीतरी. दशम्या-धपाट्याला बुरशी आली, टाकून द्यावं लागलं. लाडू तर तिनं पहिल्याच दिवशी सगळ्यायला वाटून टाकले. कालपासून मूठभर चिवडा आन् पाणी, एवढ्यावर बाई फिरून राह्यली. सकाळी बसमधून उतरताना झोक गेला."

माझं डोकंच फिरलं. तशीच मी शेजारी गेले. मावशी आणि गुरुजी पुढच्या खोलीत होते. मी म्हटलं, "मावशी, त्यांना आज सांगा, शपथ सुटली म्हणून. तुमचं ऐकतील त्या."

"मी घातली का शपथ?" मावशी म्हणाल्या. "तिची तिनं घेतली. तिची तिनं सोडावी."

"तुमच्या रागापायीच घेतली ना त्यांनी!" माझ्या तोंडून निघून गेलं. गुरुजींनी पेपर खाली केला. मावशींचा चेहरा लाल झाला.

"राग येऊ नाही का मला?" त्या म्हणाल्या. "चार दिवस माझं पोरगं जितं हाय का न्हाई, हे मला टीव्हीवाले सांगत व्हते. इतकाबी राग येऊ नाही?"

चुकलं माझं, असं मला म्हणवेना, कारण तिकडे माझी सासू उपाशी होती. तेवढ्यात मावशींचा मोबाईल वाजला.

मामांचा अंगठा दिसला. मग डोंगर, झाडं, रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड. "हे पाहा," मामा सांगत होते, "इथं जमिनीत भट्टी हाय. बाया आत हात घालून रोट्या लावून राह्यल्या. लई खमंग वास येतोय." मामांचा खमंग वास ऐकून मला त्यांचा राग आला. त्यांनी फोन फिरवला. दौऱ्यातली माणसं रोट्या तोडून खात उभी होती, आणि जरा बाजूला एका दगडावर आत्याबाई बसल्या होत्या. चार दिवसांत तोंड एवढंसं झालं होतं.

"दे इकडं," आत्याबाईंनी फोन घेतला. "बेबीताई, खाल्लं न्हाई बरं का काही."

मावशी या वेळी बरं म्हणाल्या नाहीत.

आत्याबाईंच्या मागून एक बाई आली. त्यांच्याच वयाची, डोक्याला रुमाल बांधलेला, कोपरापर्यंत पीठ. ही एकटी बाजूला का बसली, हे बघायला आली असणार. ती वाकून आमच्याकडे बघायला लागली. मावशींकडे बघून हसली. मग तिचं लक्ष मावशींच्या मागच्या भिंतीकडे गेलं. तिथं मिथुनचा वर्दीतला फोटो आहे. तिनं बोट दाखवलं आणि काहीतरी विचारलं.

आत्याबाईंना कळलं. "लेक," त्या म्हणाल्या. मोबाईलमधल्या मावशींना बोट लावून दाखवलं, "हिचा लेक. फौजेत." आणि बसल्या जागेवरून कपाळाला हात लावून सलाम करून दाखवला.

मग त्या बाईनं आत्याबाईंचा हात धरून त्यांना शेडमध्ये नेलं. फोन हलला, काही दिसेना. पुन्हा दिसलं तेव्हा भट्टीच्या वर, खांबाला ठोकलेला एक फोटो होता. वर्दीतला कोवळा पोरगा, मिसरूडही नीट न फुटलेला. त्या बाईनं पिठाचा हात फोटोच्या खाली धरला, काचेला पीठ लागू नये म्हणून जरा लांबच.

"शहीद," ती म्हणाली.

तिच्या भाषेतलं आम्हाला कळलेलं ते एकच. गुरुजी खुर्चीतून उठून मावशींच्या मागे येऊन उभे राहिले.

"झुंबरताई," मावशींनी मोबाईल जवळ ओढला, "किती वर्साचा व्हता विचार."

आत्याबाईंनी बोटं नाचवून विचारलं. त्या बाईनं दोन्ही पंजे एकदा उघडले, मिटले, पुन्हा उघडले, आणि वर एक बोट.

"एकवीस," मावशी म्हणाल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

त्या बाईनं भट्टीतून नुकतीच काढलेली रोटी घेतली, मधून तोडली, आणि अर्धी आत्याबाईंपुढे धरली. वाफ निघत होती. आत्याबाईंचा हात मागे गेला, पदराखाली लपला. बाईला वाटलं पाहुणी लाजतेय. तिनं हसून रोटी आणखी पुढे केली. शेजारून मामा म्हणाले, "अगं घे ना." आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या फोनमध्ये बघत होत्या, मावशींकडे.

"शपथ हाय ना गं," त्या हळूच म्हणाल्या.

"कुणाच्या नावाची?"

"मिथुनच्या."

"मंग मिथुनची माय सांगून राह्यली." मावशींनी डोळे पुसले. "घे ते. तिच्या हातचं न्हाई म्हणू नको. पोरगं गेलेल्या माईला न्हाई म्हणत नसतेत."

आत्याबाईंनी फोन भट्टीजवळच्या डब्याला टेकवला आणि दोन्ही हातांनी रोटी घेतली. पहिला घास तोंडात घातला आणि तो चावता चावताच त्यांना रडू फुटलं. घास गिळेना. ती बाई घाईघाईनं पाणी आणायला वळली.

"कोरडी खाऊ नको," मावशी इकडून ओरडल्या, "चाय माग तिला! कचरूभाऊ, चाय सांगा ना जल्दी!"

मामा काचेच्या पेल्यातला चहा घेऊन आले. त्या बाईनं आत्याबाईंच्या पाठीवर हात ठेवला, पिठाचे पाच ठसे हिरव्या लुगड्यावर उमटले, पण कुणी झटकले नाहीत. बस हॉर्न वाजवत होती, अण्णासाहेब हाका मारत होते, तरी आत्याबाई सावकाश जेवत राहिल्या. सगळी रोटी संपेपर्यंत ती बाई त्यांच्यासमोरून हलली नाही, आणि इकडे बेबीमावशींनीही फोन खाली ठेवला नाही.